हवा जास्त भरली, तर छर्रा हळू का जातो?

हवेवर चालणारी नवी रायफल घेतलेला माणूस हा प्रश्न कधी ना कधी विचारतोच. टाकीवर २०० बार लिहिलेलं असतं. तो हौसेनं २३० भरतो. हवा जास्त तर जोर जास्त, इतका सरळ हिशेब. प्रत्यक्षात वेगमापक यंत्र छर्रा आधीपेक्षा हळू गेल्याचं दाखवतं. दहा-वीस छर्रे उडवून टाकीतला दाब उतरला, की वेग आपोआप वाढू लागतो. म्हणजे हवा कमी झाली आणि बंदूक सुधारली! आता हा माणूस दुसरा प्रश्न विचारतो, आणि तो जास्त धोक्याचा आहे: झडपच बदलून घेतली तर?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं, तर दुसऱ्याचं निम्मं उत्तर मिळतं. उरलेलं निम्मं झडपेबद्दल नाही, झडपेभोवतीच्या धातूबद्दल आहे. घरगुती कारखानदार नेमकं तेवढंच विसरतात.

१. दोनशे बार म्हणजे किती?

जत्रेत फुगे फोडायला जी छऱ्याची बंदूक असते, तिच्यात हवा साठवलेली नसते. नळी मोडून स्प्रिंग ताणायची, चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, दट्ट्या समोरची हवा दाबतो आणि छर्रा निघतो. हवा त्या क्षणापुरतीच दाबली जाते. आपला विषय दुसऱ्या जातीच्या रायफलचा आहे. हिच्यात हवा आधीच दाबून टाकीत भरून ठेवतात आणि प्रत्येक चापाला त्यातली चिमूटभर सोडतात.

बार हे दाबाचं माप. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब साधारण एक बार. स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे एका बारनं जास्त असतो. मोटारीच्या चाकात सव्वादोन बार, घरच्या गॅस सिलिंडरमध्ये पाच-सात बार. त्यानंतर एकदम २०० बार. समुद्रात दोन किलोमीटर खोल गेल्यावर पाण्याचा जेवढा दाब लागेल तेवढा हा आहे, आणि तो माणूस खांद्याला लावून, गाल टेकवून बसलेला असतो.

आता छोटा हिशेब. रायफलची टाकी २०० मिलिलिटरची धरू, म्हणजे चहाच्या दोन कपांएवढी. २०० बारला तिच्यात बाहेरची सुमारे ४० लिटर हवा मावते. ही हवा एकदम सुटली तर साधारण ८,००० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ज्यूल हा शब्द बाजूला ठेवा. ८० किलोचा माणूस जमिनीवरून तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर उचलून ठेवायला एवढी ऊर्जा लागते.

स्पर्धेच्या रायफलमधून सुटणाऱ्या एका छऱ्याची ऊर्जा किती? छर्रा अर्ध्या ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला १७० मीटर धरला तर सात-साडेसात ज्यूल. एका बाजूला साडेसात, दुसऱ्या बाजूला आठ हजार. छर्रा माणसाचा डोळा घेऊ शकतो, जवळून लागला तर जीवही घेऊ शकतो, त्याला हलकं लेखायचं कारण नाही. पण ‘बंदुकीचं तोंड माणसाकडे नको’ एवढाच नियम पाठ करून जो मागच्या टाकीकडे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वळतो, त्यानं मोठा धोका ओढवून घेतलेला असतो.

२. झडप उघडते कशी?

टाकी आणि नळी यांच्यामध्ये झडप असते. तिचे भाग मोजकेच. पितळेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या अंगात एक गोल भोक असतं, त्याची कड म्हणजे झडपेची बैठक. त्या बैठकीवर टाकीच्या बाजूनं एक टोपी बसते, बहुधा कडक प्लास्टिकची. टोपीला एक बारीक दांडी असते आणि ती भोकातून आरपार मागे डोकावते. मागे एक जड तुकडा स्प्रिंगच्या जोरावर अडकवून ठेवलेला असतो, त्याला घोडा म्हणू. चाप ओढला की घोडा सुटतो, दांडीवर आपटतो, टोपी बैठकीवरून उचलली जाते आणि हवा भोकातून वर वळून छऱ्याच्या मागे शिरते. घोड्याचा जोर संपला की टोपी परत बसते. हे सगळं एक-दोन मिलिसेकंदांत होतं. कान फक्त ‘टक्’ ऐकतो.

टोपीला बैठकीवर कोण दाबून धरतं? एक लहान स्प्रिंग असते, पण ती निमित्तापुरती. खरा पहारेकरी टाकीतली हवाच. बैठकीच्या भोकाचा व्यास ६ मिलिमीटर धरा. त्याचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरच्या पावभागाहून थोडं जास्त. २०० बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास २०० किलो, म्हणजे टोपीवर सुमारे ५७ किलोचा भार पडतो. करंगळीच्या नखाहून लहान असलेल्या टोपीवर एक माणूस उभा! दाब २३० केला तर ६६ किलो. दाब १०० वर उतरला तर २९.

आतून माणसांनी रेटून धरलेलं दार बाहेरून लाथ घालून उघडायचं आहे, असं समजा. लाथ दर वेळी तेवढ्याच जोराची. आत दहा माणसं असली तर दार हातभर उघडून लगेच आपटेल. पाच असली तर सताड उघडेल आणि थोडा वेळ उघडं राहील. वीस असली तर कदाचित हलणारही नाही. घोड्याची लाथ स्प्रिंगनं ठरवलेली असते, आणि टाकीत किती हवा आहे हे स्प्रिंगला ठाऊक नसतं. २३० बारला टोपी जेमतेम उचलली जाते आणि लगेच बसते. आत हवा भरपूर, पण बाहेर पडते थोडीच. छर्रा हळू जातो तो यामुळे. फारच जास्त भरली तर झडप उघडतच नाही, घोडा नुसता आपटून परत येतो. याला दुकानातली माणसं झडप ‘लॉक’ झाली म्हणतात.

३. दाब गुणिले वेळ

छऱ्यामागे किती हवा गेली हे दोन गोष्टींवर ठरतं: हवेचा दाब किती आणि झडप किती वेळ उघडी राहिली. टाकी पूर्ण भरलेली असताना दाब मोठा, वेळ लहान. दाब उतरत जातो तसा वेळ वाढतो. एक घटतंय, दुसरं वाढतंय, त्यामुळे मधल्या टप्प्यात दोघांचा गुणाकार जवळपास स्थिर राहतो. साध्या रायफलचा वेग कागदावर मांडला तर एक बुटकी टेकडी दिसते: सुरुवातीला चढ, मग बराच वेळ सपाटी, मग उतार. अनुभवी माणूस ती सपाटी शोधतो. त्याची रायफल १८० बारला सपाटीवर येत असेल, तर तो १८० च भरतो आणि २०० च्या खुणेकडे ढुंकूनही पाहत नाही.

घोड्याची स्प्रिंग, झडपेची बैठक आणि टाकीचा दाब या तीन गोष्टी एकमेकींना धरून असतात. एकीला हात लावला की उरलेल्या दोघी रुसतात. कुणी म्हणाला, ‘मी झडपेचं भोक मोठं केलं, आता जोर वाढेल’, तर त्याला विचारावं की टोपीवरचा भार किती वाढला? व्यास ६ चा ८ केला की क्षेत्रफळ पावणेदोन पट होतं, भार ५७ चा शंभर किलोच्या वर जातो. आता स्प्रिंग कडक हवी. स्प्रिंग कडक केली की घोडा जोरात आपटतो, रायफल हलते, दांडीचं टोक चेपतं, आणि चाप ओढायलाही जड लागतो. भोक मोठं करायला लेथवर फारसा वेळ लागत नाही. त्याची किंमत मात्र बाकीच्या भागांना पुढे कितीतरी दिवस चुकवावी लागते.

४. जिरार्डोनीची रायफल

हे सगळं आजचं नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १७८० च्या सुमारास हवेवर चालणारी रायफल प्रत्यक्ष लढाईसाठी घेतली होती. ती बनवणारा बार्थोलोमेउस जिरार्डोनी टायरोल भागातला. त्या काळी साधी बंदूक तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची. एक गोळी झाडली की सैनिक उभा राहून पुन्हा ठासणार आणि तेवढ्यात शत्रू जवळ येणार. जिरार्डोनीच्या रायफलला बाजूला नळकांडं होतं, त्यात वीसेक गोळ्या मावत. धूर नाही, ठिणगी नाही, पावसात भिजणारी दारू नाही. हवेची टाकी म्हणजे रायफलचा दस्ताच. तो फिरवून काढायचा, दुसरा भरलेला लावायचा. झडप त्या दस्त्याच्या तोंडाशी होती आणि तिला उघडणारी यंत्रणा तत्त्वतः आजच्यासारखीच, मागून ठोका मारणारी.

मग ती टिकली का नाही? टाकीत दाब असे ५०-५५ बार, आणि तेवढा भरायला हातपंपाचे सुमारे पंधराशे दट्टे मारावे लागत. टाकी होती लोखंडी पत्र्याची, रिव्हेट आणि डाक लावून जोडलेली. त्या काळच्या कारागिरीत पन्नास बार सहन करणारी भांडी शेकड्यांनी बनवणं ही कसोटीच होती. झडपेला चामड्याचं पॅकिंग होतं. चामडं वाळलं की हवा गळणार, म्हणून ते ओलं ठेवावं लागे. मोहिमेवरच्या सैनिकाला हे जमणं कठीण, आणि दुरुस्तीला साधा लोहार चालत नसे. १८१५ च्या आसपास ती सैन्यातून गेली.

अमेरिकेत लुईस आणि क्लार्क यांनी १८०३ ते १८०६ दरम्यान खंड ओलांडणारी मोहीम केली, तेव्हा मेरिवेदर लुईसजवळ एक हवेची रायफल होती. बहुतेक अभ्यासक ती जिरार्डोनीच्याच धाटणीची मानतात. मोहिमेचा पहिलाच दिवस, ३० ऑगस्ट १८०३, जागा पिट्सबर्गजवळची. लोकांना कौतुकानं रायफल दाखवताना ती एका अननुभवी माणसाच्या हाती गेली, अचानक सुटली आणि चाळीसेक यार्डांवरच्या एका बाईच्या कानशिलाला गोळी चाटून गेली. सुदैवानं ती बचावली. धूर-आवाज नसलेलं हत्यार लोकांना खेळणं वाटतं, ही खोड दोनशे वर्षांत फारशी सुटलेली नाही.

५. दुसरी झडप

आता ऑलिंपिकच्या मैदानावर येऊ. १० मीटर एअर रायफल हा प्रकार ऑलिंपिकमध्ये १९८४ साली आला. २००० साली सिडनीत अंजली भागवत याच प्रकाराच्या अंतिम फेरीत पोचल्या, २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रानं यातच सुवर्णपदक घेतलं, आणि २०२२ साली कैरोत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील जगज्जेता झाला. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. साठ छऱ्यांत टेकडीचा चढ-उतार परवडणार कसा?

किती नडतं ते पाहा. १७० मीटर वेगानं निघालेला छर्रा दहा मीटर जाईपर्यंत १७ मिलिमीटर खाली येतो. वेग १६५ झाला तर १८ मिलिमीटर. फरक एका मिलिमीटरचा. पण दशांशातल्या गुणांत एक दशांश म्हणजे पाव मिलिमीटर, म्हणजे एका छऱ्यामागे चार दशांश गेले. अंतिम फेरीत एवढ्यावर पदकं बदलतात.

म्हणून या रायफलींत टाकी आणि मुख्य झडप यांच्यामध्ये आणखी एक झडप घालतात, तिचं नाव रेग्युलेटर. टाकीत २०० असो वा १२०, तिच्या पुढच्या छोट्या कप्प्यात दाब ठरावीकच राहतो, साधारण ६० ते ८० बारच्या घरात. आत एक लहान दट्ट्या असतो. एका बाजूनं कप्प्यातली हवा त्याला ढकलते, दुसऱ्या बाजूनं बशीच्या आकाराच्या स्प्रिंगदार वॉशरांची चळत अडवते. कप्पा भरला की हवा जिंकते, दट्ट्या सरकतो आणि वाट बंद करतो. छर्रा सुटला, कप्पा रिकामा झाला, वॉशर जिंकतात, वाट उघडते. मुख्य झडपेला आता रोज तीच माणसं दार रेटताना भेटतात.

रेग्युलेटरचा एक आजार अनुभवी नेमबाज लगेच ओळखतात. त्याच्या बैठकीवर कचऱ्याचा बारीक कण बसला, की वाट पूर्ण बंद होत नाही आणि कप्प्यातला दाब हळूहळू चढत राहतो. सलग मारताना काही कळत नाही. पण पंधरा मिनिटं विश्रांती घेऊन मारलेला पहिला छर्रा जागा सोडतो, दुसऱ्यापासून सगळं ठीक. अशा वेळी नवखे नेमबाज कित्येक दिवस आपल्या श्वासाला आणि नजरेला दोष देत बसतात, आणि दोष असतो एका कणाचा.

६. स्वतः झडप घडवणारे

जगभर असा हौशी वर्ग आहे, जो कारखान्याची झडप काढून स्वतःची बसवतो. त्यातले काही जण खरोखर कसबी टर्नर असतात. त्यांचं काम पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते: चांगला माणूस भोक मोठं करण्यापेक्षा वळण सुधारण्यावर वेळ घालवतो. झडपेतून निघालेली हवा काटकोनात वळून नळीत शिरते. त्या वळणावर धारदार कड असेल तर हवा घुटमळते. कड गोलसर केली, आतला पृष्ठभाग चकचकीत केला, दांडी बारीक पण सरळ ठेवली, तर दाब न वाढवता, घोड्याची स्प्रिंग न ताणता काम सुधारतं. हवाही कमी लागते. ‘दाब वाढव’ म्हणणारा आणि ‘वाट मोकळी कर’ म्हणणारा यांत मी डोळे मिटून दुसऱ्यावर विश्वास टाकीन.

टोपीचा पदार्थ कोणता हाही मोठा वादाचा विषय. मऊ प्लास्टिक लवकर बसतं, गळत नाही, पण ६० किलोच्या माराखाली काही हजार ठोक्यांत त्यावर बैठकीची खोल वर्तुळं उमटतात. फार कडक पदार्थ टिकतो, पण बैठकीवर केसाएवढा ओरखडा असला तरी गळतो. डेल्रिन, पीक अशी प्लास्टिकं मधला मार्ग म्हणून वापरतात. बैठक आणि दांडीचं भोक एकाच मध्यावर हवं. एकदा लेथच्या चकातून तुकडा काढला, उलटा लावला आणि दुसरं भोक पाडलं, की मध्य हलतो. मग टोपी एका बाजूला टेकते, दुसऱ्या बाजूनं हवा फुसफुसते, आणि माणूस टोप्या बदलत राहतो.

इथे मोजमापं किंवा नकाशे देत नाही, याचं कारण पुढच्या भागात आहे.

७. फुटतं ते वेगळंच

झडप बिघडली तर बहुतेक वेळा हवा गळते, रायफल चालत नाही, चिडचिड होते. माणूस जखमी होतो तो झडपेला जागेवर धरून ठेवणारा भाग सुटल्यावर.

टाकीची नळी आतून २८ मिलिमीटर व्यासाची धरू. एका टोकाला बूच, दुसऱ्या टोकाला झडपेचं अंग. २०० बारला त्या बुचावर बाहेर ढकलणारा जोर सव्वा टन असतो. रिकाम्या छोट्या मोटारीचं वजनही यापेक्षा कमी भरेल. बूच सहा स्क्रूंनी धरलेलं असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोनशे किलोंहून जास्त. कुणी ‘जरा पाहू’ म्हणून दोन स्क्रू काढले, की उरलेल्या चौघांवर तीनशेच्या वर. ते तुटले तर बूच निघतं ते थेट समोरच्या दिशेनं, आणि समोर बहुधा वाकून पाहणाऱ्याचं तोंड असतं.

नळीच्या भिंतीचा हिशेब वेगळा. आतली हवा नळीला फुगवू पाहते, आणि भिंत जितकी पातळ व नळी जितकी रुंद, तितका धातूवर ताण जास्त. २८ मिलिमीटर नळीची भिंत २ मिलिमीटर असेल तर २०० बारला दर चौरस मिलिमीटरवर सुमारे १४ किलोचा ताण येतो. चांगलं अॅल्युमिनियम साधारण २८ किलोला कायमचं ताणलं जाऊ लागतं. कागदावर दुप्पट सुरक्षितता दिसते. आता त्याच भिंतीत एक मिलिमीटर खोल आटे पाडा. भिंत उरली निम्मी आणि सगळी सुरक्षितता संपली. शिवाय आट्याच्या तळाशी जी टोकदार खाच असते, तडा तिथूनच सुरू होतो.

अॅल्युमिनियमचा आणखी एक स्वभाव आहे. पोलादावर ठरावीक मर्यादेखाली कितीही वेळा ताण दिला तरी ते थकत नाही. अॅल्युमिनियमला अशी सोयीस्कर मर्यादा नसते. दर वेळी भरणं-रिकामं करणं म्हणजे एक ताण, आणि प्रत्येक ताणाची नोंद धातूत राहते. म्हणूनच अॅल्युमिनियमच्या टाक्यांना वर्षांची मुदत असते, सहसा दहा वर्षांची, आणि तारीख अंगावर कोरलेली असते. नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत टाकीची मुदत सांभाळणं ही खेळाडूची जबाबदारी आहे. भंगारातून आणलेल्या नळीवर मात्र अशी तारीख नसते, आणि ती कोणत्या मिश्रधातूची आहे हेही कुठे लिहिलेलं नसतं.

८. चाचणी पाण्यानं का करतात?

नवी टाकी टिकेल की नाही हे पाहायचं तर हवा भरून पाहावी, असं अनेकांना वाटतं. कारखान्यात ती पाण्यानं भरतात, आणि मगच कामाच्या दाबाच्या दीडपट दाब चढवतात. पाणी जवळपास दाबलं जात नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही. २०० मिलिलिटर टाकीत २०० बारची हवा असेल तर ८,००० ज्यूल. तिथे पाणी असेल तर फक्त अठरा-वीस ज्यूल. टाकीला तडा गेला तर पाणी पचकन उडेल, दाब शून्यावर येईल, आणि काम संपलं. हवा असती तर तुकडे भिंतीत रुतले असते.

गॅस सिलिंडरच्या कड्यावर A, B, C, D आणि वर्षाचे आकडे लिहिलेले अनेक गृहिणी तपासून घेतात. तीही पुढच्या चाचणीची मुदतच. रायफलची टाकी ज्यातून भरतात ते मोठे सिलिंडर भारतात गॅस सिलिंडर नियम, २०१६ च्या कक्षेत येतात. ते नियम राबवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.

९. तेल आणि काळा सिलिंडर

हवा झपकन दाबली की तापते. डिझेल इंजिनाला स्पार्कप्लग लागत नाही तो यामुळेच. साध्या दाबाची हवा क्षणात २०० बारपर्यंत दाबली आणि उष्णता बाहेर पडायला वेळच दिला नाही, तर हिशेबानं तापमान हजार अंशांच्या वर जातं. प्रत्यक्षात धातू बरीचशी उष्णता शोषतो, पण सिलिंडरची तोटी एका झटक्यात उघडली तर नळीच्या बंद टोकाशी क्षणभर भडका उडण्याइतकी गरमी होऊ शकते. आता तिथे शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब असेल तर? २०० बारच्या हवेत प्रत्येक घनसेंटिमीटरमागे बाहेरच्यापेक्षा दोनशे पट ऑक्सिजन आहे. तेल पेटतं, आणि दाब आणखी चढतो.

म्हणून नियम दोन. रबरी कड्यांना खनिज तेल किंवा ग्रीस कधीही नाही, फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला जेमतेम लागेल इतकं. आणि तोटी हळू उघडायची, काटा सावकाश चढू द्यायचा.

तिसरा नियम यांच्याहून मोठा. गॅस वेल्डिंगच्या दुकानात काळ्या रंगाचा ऑक्सिजनचा सिलिंडर असतो, त्यात दीडशे बारच्या आसपास दाब मिळतो. हातपंपानं घाम गाळणाऱ्याला तो खुणावतो: हवाच ना शेवटी! ती हवा नव्हे. शुद्ध ऑक्सिजनमध्ये रबर, प्लास्टिकची टोपी, हाताचा मळ, सगळंच इंधन होतं, आणि पेटायला घोड्याचा एक ठोका पुरतो. ऑक्सिजन भरलेल्या रायफली माणसाच्या हातात फुटलेल्या आहेत. असा सल्ला कुणी दिला तर त्याच्याशी वाद घालू नये, तिथून उठून यावं.

१०. जुलैतली हवा

मुंबई-कोकणात पावसाळ्यात रायफल भरणाऱ्यांसाठी हा छोटा भाग. त्या दिवसांत एका घनमीटर हवेत पंचवीसेक ग्रॅम पाण्याची वाफ असते. आपली टाकी ४० लिटर हवा पिते, म्हणजे एका भरण्यात जवळपास एक ग्रॅम पाणी, वीसेक थेंब. हवा दाबली की वाफेचं पाणी होतं. पंपाला पाणी अडवणारी गाळणी नसेल किंवा ती भरलेली असेल, तर ते थेट टाकीत. पोलादी टाकी आतून गंजते, गंजाचे कण झडपेच्या बैठकीवर येऊन बसतात, आणि पाचव्या भागातला आजार सुरू होतो. गाळणी वेळेवर बदला आणि थोड्या थोड्या दट्ट्यांनंतर पंपाची नळी मोकळी करा.

११. आटे सोडण्याआधी

रायफल उघडायची तर आत हवा नाही याची खात्री हवी, आणि दाबमापकाचा काटा शून्यावर आहे ही खात्री नव्हे. काटा अडकतो. शिवाय रायफलमध्ये एकच कप्पा नसतो. भरण्याच्या तोंडाशी एकदिशा झडप असते, रेग्युलेटरपुढे वेगळा कप्पा असतो, मापकाकडे जाणारी बारीक वाट असते. मुख्य टाकी रिकामी झाली तरी यांतल्या एखाद्यात शंभर बार अडकलेले असू शकतात. उत्पादकानं हवा सोडायला जी सोय दिली असेल तीच वापरायची, सुरक्षित दिशेला तोंड करून, आणि नंतरही पहिले काही आटे अगदी हळू सोडायचे. हवा फुसफुसली तर थांबायचं. काम करताना डोकं बुचाच्या समोर कधीच नको, बाजूला.

गळती शोधायला साबणाचं पाणी. बोट किंवा तळहात लावून शोधू नये. बारीक भोकातून येणारी जोरदार हवा कातडीत शिरू शकते, आणि अशी जखम बाहेरून टाचणी टोचल्यासारखी दिसत असली तरी तातडीनं दवाखाना गाठावा लागतो.

राहिला कायदा. आर्म्स रूल्स, २०१६ प्रमाणे २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेची किंवा .१७७ इंचापेक्षा, म्हणजे साडेचार मिलिमीटरपेक्षा, मोठ्या व्यासाची एअरगन परवान्याच्या कक्षेत येते. स्पर्धेची रायफल साडेसात ज्यूलवर असल्यानं ती खूपच आत बसते. पण ‘जोर वाढवलेली’ झडप बसवून कुणी ही रेषा ओलांडली, तर विनापरवाना शस्त्र बाळगण्याचा आणि बनवण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि तिथे ‘मला हौस आहे’ हा बचाव होत नाही.

मुदत संपलेली टाकी कपाटात ठेवू नका, भंगारवाल्यालाही तशीच देऊ नका. ती पूर्ण रिकामी करायची, तोंडावरची झडप जाणकाराकडून काढून घ्यायची आणि मग नळी मधोमध कापायची, म्हणजे दुसरा कुणी ती पुन्हा भरणार नाही.